विमानात आपल्या पथ्याचे जेवण मिळवण्यासाठी

आई-वडिलांचे अमेरिकेचे किंवा युरोपचे तिकीट काढताना आपण भाडे पाहतो, मधला थांबा किती तासांचा आहे ते पाहतो आणि सामान किती किलो नेता येईल तेही विचारतो. जेवणाचा विषय मात्र बहुधा विमानतळावर पोहोचल्यावर निघतो आणि तोवर उशीर झालेला असतो. विमानात स्वयंपाक होत नाही. जेवण विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात काही तास आधी तयार होते, लगेच थंड केले जाते, ट्रॉल्यांत भरून विमानात चढवले जाते आणि वर गेल्यावर फक्त ओव्हनमध्ये गरम केले जाते. कोणत्या प्रवाशासाठी कोणते वेगळे जेवण लागणार, याची यादी त्या स्वयंपाकघराला वेळेवर मिळाली नाही, तर केबिनमधील कर्मचारी कितीही मनमिळाऊ असले तरी ते जेवण आणणार कुठून? म्हणूनच बहुतेक कंपन्या विशेष जेवणाची मागणी उड्डाणाच्या किमान 24 तास आधी नोंदवायला सांगतात आणि कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांनुसार केलेल्या, जेवणासाठी ही मुदत अनेक ठिकाणी 48 तासांची असते. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या या जेवणासाठी सहसा वेगळे पैसे घेत नाहीत.

माझ्या मते यात खरे काम दोनच गोष्टींचे आहे. पहिली म्हणजे जेवणाचा प्रकार त्याच्या नावावरून न निवडता त्यात काय वर्ज्य आहे ते वाचून निवडणे, आणि दुसरी म्हणजे ती मागणी प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीपर्यंत, प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यासाठी पोहोचली आहे याची खात्री करणे.

प्रकार कसा निवडावा

विमान कंपन्यांनी जेवणाच्या प्रकारांसाठी चार इंग्रजी अक्षरांची संकेताक्षरे ठरवलेली आहेत आणि ती जगभर जवळजवळ सारखीच वापरली जातात. शेवटची दोन अक्षरे नेहमी एम आणि एल असतात. पहिली दोन प्रकार सांगतात. संकेतस्थळावर ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दाखाली चार-पाच पर्याय दिसतात आणि घाईत त्यातला पहिला निवडला जातो. गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला सहसा हवे असते ते एशियन किंवा इंडियन व्हेजिटेरियन, म्हणजे एव्हीएमएल. यात भारतीय पद्धतीची, मसाल्याची भाजी, डाळ किंवा छोले, जिऱ्याचा भात, पनीर, दही असे पदार्थ येतात. दूधदुभते चालते, अंडे सहसा नसते, पण कांदा-लसूण असू शकतो. व्हीएलएमएल या प्रकारात दुधाबरोबर अंडेही चालते, त्यामुळे सकाळच्या न्याहारीला ऑम्लेट समोर येण्याची पूर्ण शक्यता असते. ज्यांच्या घरात अंडे वर्ज्य आहे त्यांनी हा प्रकार निवडू नये. व्हीजीएमएल म्हणजे व्हीगन. त्यात दूध, दही, तूप, लोणी आणि मध यांपैकी काहीच नसते आणि चव बहुधा पाश्चात्त्य धाटणीची असते, म्हणजे उकडलेल्या भाज्या, पास्ता किंवा भाजलेले वांगे. दुधाशिवाय ज्यांचे चालते आणि मसाल्याचा त्रास होतो, अशा वयस्कर माणसांना हे जेवण कधीकधी बरे वाटते. पण डाळ-भाताच्या अपेक्षेने बसलेल्या माणसाची निराशा होते. व्हीओएमएल हा चिनी धाटणीचा शाकाहार आहे.

माळकरी मंडळी, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारे आणि अर्थातच जैन प्रवासी यांच्यासाठी व्हीजेएमएल हा प्रकार आहे. त्यात कांदा, लसूण आणि बटाटा, गाजर, मुळा यांसारखी जमिनीखाली येणारी कंदमुळे नसतात. जैन नसणाऱ्यानेही तो मागायला काहीच हरकत नाही. या जेवणासाठी कोणी धर्माचा दाखला विचारत नाही. कांदा-लसूण चालत नसेल तर एव्हीएमएल मागून नंतर भाजी चिवडत बसण्यापेक्षा सरळ व्हीजेएमएल नोंदवावे.

‘हिंदू मील’, म्हणजे एचएनएमएल, हे नाव मात्र पुष्कळांची दिशाभूल करते. हे जेवण शाकाहारी नसते. त्यात गोमांस नसते आणि बहुधा डुकराचे मांसही नसते, परंतु कोंबडी, मटण, मासे, अंडी हे सर्व असू शकते. मांसाहार करणाऱ्या पण गोमांस टाळणाऱ्या प्रवाशासाठी हा प्रकार अत्यंत उपयोगी आहे, विशेषतः युरोप-अमेरिकेतून सुटणाऱ्या विमानात. एमिरेट्सने 2018 च्या जुलैमध्ये हे जेवण बंद करत असल्याचे जाहीर केले होते आणि प्रवाशांची नाराजी पाहून लगेचच तो निर्णय मागे घेतला होता. त्यावरून त्याला किती मागणी आहे हे कळते. मात्र घरातल्या शाकाहारी आजीसाठी, आपण हिंदू आहोत एवढ्या कारणाने हा पर्याय निवडू नये. एमओएमएल म्हणजे मुस्लिम जेवण, ज्यात मांस हलाल असते आणि डुकराचे मांस व मद्यार्क नसतात. दुबई, दोहा, अबू धाबी येथील कंपन्यांच्या विमानांत साधे मांसाहारी जेवणही हलालच असते, त्यामुळे तिथे हे वेगळे मागण्याची गरज पडत नाही. आणि ज्यांना हलाल मांस नको असेल त्यांनी त्या विमानात शाकाहार निवडावा.

आपल्याकडे खाणे वारावरही ठरते. सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी मांसाहार न करणारी आणि श्रावण पाळणारी कितीतरी माणसे एरवी आवडीने मासे खातात. अशांनी उड्डाणाची तारीख, वार आणि महिना पाहून जाण्याचे व येण्याचे जेवण वेगवेगळे नोंदवावे. प्रत्येक टप्प्याला वेगळा प्रकार निवडता येतो. रात्री अडीच-तीनचे विमान असेल तर तारीख बदललेली असते, हेही ध्यानात घ्यावे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते. त्यांच्यासाठी काही कंपन्यांकडे एसएफएमएल, म्हणजे माशांचे जेवण, मिळते.

एकादशी, संकष्टी किंवा नवरात्राच्या उपवासासाठी जगभर चालणारे संकेताक्षर नाही. जवळचा पर्याय एफपीएमएल, म्हणजे फळांचे ताट, हा आहे. कलिंगड, खरबूज, अननस, द्राक्षे अशी कापलेली फळे त्यात येतात. आठ-नऊ तासांच्या प्रवासात एवढ्यावर भूक भागत नाही, त्यामुळे राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर सोबत असणे आवश्यक आहे.

वैद्यकीय पथ्य आणि शाकाहार एकत्र असेल तर

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण सर्वांत जास्त हाल याच गटाचे होतात. मधुमेहींसाठी डीबीएमएल, ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातले प्रथिन, न चालणाऱ्यांसाठी जीएफएमएल, कमी मिठासाठी एलएसएमएल, दुधातली साखर न पचणाऱ्यांसाठी एनएलएमएल आणि मसाला-तेल सोसत नसणाऱ्यांसाठी बीएलएमएल असे प्रकार आहेत. यातला कोणताही प्रकार आपोआप शाकाहारी नसतो. डीबीएमएलच्या ताटात भाजलेली कोंबडी किंवा वाफवलेला मासा असणे अगदी नेहमीचे आहे. आणि बहुतेक कंपन्यांच्या यंत्रणेत एका प्रवाशाला एका टप्प्यासाठी एकच प्रकार निवडता येतो.

मग मधुमेह असलेल्या शाकाहारी वडिलांनी काय निवडावे? प्रथम कंपनीच्या मदत केंद्राला दूरध्वनी करून शाकाहारी मधुमेही जेवण शक्य आहे का, असे स्पष्ट विचारावे. काही कंपन्या अशी विशेष सूचना स्वीकारतात. ती स्वीकारली तर त्याची लेखी पोच मागून घ्यावी. ती मिळत नसेल तर माझा सल्ला असा की धर्माची किंवा श्रद्धेची मर्यादा कागदावर नोंदवावी आणि वैद्यकीय मर्यादा हाताने सांभाळावी. एव्हीएमएल किंवा व्हीजेएमएल नोंदवून ताटातला गोड पदार्थ, फळांचा रस आणि मैद्याचा पाव बाजूला ठेवता येतो, भात निम्मा खाता येतो; कोंबडी आलेल्या ताटातून मात्र शाकाहारी माणसाला खाण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही. ग्लुटेनच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, कारण सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्या रुग्णाला अंशमात्र गहूही बाधतो. तिथे जीएफएमएलच नोंदवावे, ताटातील मांसाला हात लावू नये आणि पोटभर खाणे घरून न्यावे.

जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी घड्याळाकडे पाहून सुई टोचू नये. ताट प्रत्यक्ष समोर येऊ द्यावे, ते खाण्याजोगे आहे याची खात्री करावी आणि मगच इन्सुलिन घ्यावे; हवा खराब झाली की जेवण वाटणे अर्धा-पाऊण तास लांबू शकते. वेळेच्या फरकानुसार डोस कसे बदलायचे ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि इन्सुलिन नेहमी हातसामानात ठेवावे.

शेंगदाणे, काजू किंवा तीळ यांची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना कोणतीही कंपनी संपूर्ण हमी देत नाही, कारण शेजारचा प्रवासी काय खाईल यावर तिचे नियंत्रण नसते. नोंदणीच्या वेळी कळवावे, विमानात बसताच पुन्हा सांगावे, आणि डॉक्टरांनी दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन चिठ्ठीसह हाताशी ठेवावे. अशा प्रवाशाने विमानातले जेवण न घेता घरचेच खावे, असे मला वाटते.

मुलांसाठीच्या सीएचएमएलमध्येही चिकन नगेट किंवा तत्सम पदार्थ असतात, त्यामुळे शाकाहारी मुलासाठी बहुधा एव्हीएमएलच योग्य ठरते. तान्ह्या बाळांच्या दूध आणि खाण्याला हातसामानातील द्रवपदार्थांची मर्यादा प्रवासापुरत्या प्रमाणात लागू होत नाही, म्हणून नाचणीचे सत्त्व किंवा खिमट खुशाल न्यावे.

मागणी नोंदवणे आणि तिचा पाठपुरावा

तिकीट हाती आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मॅनेज बुकिंग’ या ठिकाणी पीएनआर आणि आडनाव टाकावे. तिथे प्रवाशाचे नाव आणि प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो. मुंबई ते दुबई आणि दुबई ते न्यूयॉर्क असा प्रवास असेल तर दोन्ही ओळींसमोर जेवण निवडावे लागते, परतीच्या दोन ओळींसमोरही निवडावे लागते, आणि हे प्रत्येक प्रवाशासाठी करावे लागते. जतन केल्यावर पान बंद करून पुन्हा उघडावे. निवडलेला प्रकार तिथे टिकून दिसत असेल, तरच मागणी नोंदली गेली असे समजावे.

तिकीट एजंटाकडून किंवा प्रवासाच्या संकेतस्थळावरून काढले असेल तर तिथे लिहिलेली ‘व्हेज’ ही इच्छा कंपनीपर्यंत जातेच असे नाही, त्यामुळे तीच तपासणी स्वतः कंपनीच्या संकेतस्थळावर करावी. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ असे लिहून दुसऱ्याच कंपनीचे नाव असेल, तर आपण ज्या कंपनीकडून तिकीट घेतले ती विमान उडवणार नाही, हे ओळखावे. जेवण देणार ती उडवणारी कंपनी. तिचा पीएनआर वेगळा असू शकतो, तो विचारून घ्यावा आणि तिच्याकडे जेवणाची नोंद आहे का ते पाहावे.

आपण नोंदवलेली मागणी पुढे हरवते ती बहुधा बदलामुळे. उड्डाणाची वेळ बदलली, विमान बदलले, तारीख पुढे ढकलली किंवा चुकलेल्या जोडविमानाऐवजी दुसऱ्या विमानात जागा मिळाली, की जुनी मागणी नव्या आरक्षणाबरोबर येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून कंपनीकडून बदलाचा ईमेल आला की लगेच जेवण तपासावे, आणि काही बदल झाला नसला तरी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी एकदा पाहावे. तेव्हा चूक सापडली तर 24 तासांची मुदत अजून हातात असते. चेक-इनच्या खिडकीवर एकदा विचारून घ्यावे. तिथे नवे जेवण मिळत नाही, पण नोंद आहे की नाही ते कळते आणि नसेल तर आत जाऊन काही विकत घेण्याइतका वेळ उरतो.

सर्वच टप्प्यांवर जेवण असते असेही नाही. अमेरिकेतील देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाला सहसा बिस्किटे आणि पेय एवढेच मिळते, युरोपातील छोट्या टप्प्यांवर अनेक कंपन्या खाणे विकत देतात, आणि भारतात इंडिगो, आकासा किंवा एअर इंडिया एक्स्प्रेसच्या देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमीचे जेवण पैसे देऊन आधी निवडायचे असते. तसे आधी निवडलेले बरे, कारण विमानात विक्रीसाठी ठेवलेले शाकाहारी पदार्थ मागच्या रांगांपर्यंत येईतो संपलेले असतात. न्यूअर्कला उतरून पुढे डॅलसला जाणाऱ्या आई-वडिलांना मुंबईचे जेवण उत्तम मिळाले तरी पुढच्या चार तासांत काहीच मिळणार नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवावे.

विमानात बसल्यावर

विशेष जेवणाच्या फॉइलच्या डबीवर किंवा ट्रेवर छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर आसन क्रमांक आणि संकेताक्षर छापलेले असते. काही कंपन्या आसनाच्या पाठीवरही तसाच कागद लावतात. जेवण माणसाला न शोधता आसनाला शोधत येते, त्यामुळे शेजाऱ्याशी जागा बदलली असेल तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे. नाहीतर आपले ताट जुन्या जागी जाते. विशेष जेवणे मुख्य ट्रॉलीच्या आधी वाटली जातात. आजूबाजूच्या सगळ्यांच्या आधी आपले ताट आले तर गोंधळून जाऊन नाही म्हणू नये, ते आपलेच असते. आणि उलट, ट्रॉली आपल्या रांगेत आली तरी ताट आलेले नसेल, तर त्याच क्षणी विचारावे. ताट हातात आल्यावर झाकण काढण्यापूर्वी पट्टीवरची अक्षरे वाचावीत.

इंग्रजी न बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक साधा उपाय अत्यंत उपयोगी पडतो. एका कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘मी शाकाहारी आहे, मांस, मासे, अंडे चालत नाही, माझे जेवण आरक्षणात नोंदलेले आहे’ असे लिहावे, खाली आसन क्रमांक आणि संकेताक्षर लिहावे, आणि आरक्षणाच्या पानाची छापील प्रत जोडावी. विमानात बसल्याबरोबर तो कागद कर्मचाऱ्यांना दाखवायला सांगावे. बोलण्याचा संकोच असलेली आई भुकेली राहणे पसंत करते, पण कागद पुढे करायला तिला संकोच वाटत नाही.

ताटात वेगळी बंद पाकिटे असतात ती तपासून घ्यावीत. भारतात बनलेल्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका असतो, परदेशी पाकिटावर तो नसतो. तिथे घटकांच्या यादीत अंडे आणि जिलेटिन हे शब्द शोधावेत. जिलेटिन प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून बनते आणि थरांच्या गोड पदार्थांत ते आढळते. परतीचे जेवण बहुधा परदेशातल्या स्वयंपाकघरातून येते, त्यामुळे मुंबईहून निघताना मिळालेल्या छोल्यांची चव फ्रँकफर्टहून येताना मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते आणि तिचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी असतो. अशा हवेत मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवतात. कमी मिठाचे जेवण म्हणूनच वर फारच अळणी लागते, आणि लिंबाची फोड मागून घेतली तर ते खाववते.

सगळे नीट करूनही ताट आले नाही, तर शांतपणे पर्याय मागावेत. साधा भात, पाव, लोणी, सॅलड, फळे, बिस्किटे यांतून काहीतरी जमवता येते, आणि वरच्या वर्गातले उरलेले शाकाहारी ताटही कर्मचारी कधीकधी आणून देतात. नोंद असूनही जेवण मिळाले नाही, असे त्यांच्याकडून उड्डाणाच्या अहवालात लिहून घ्यायला सांगावे. पुढे तक्रार करताना त्याचा आधार होतो. भारतात विमान ठरावीक तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार थांबलेल्या प्रवाशांना खाणे-पिणे द्यावे लागते. तिथे तयार डब्याऐवजी कूपन मिळत असेल तर ते घ्यावे, म्हणजे आपल्याला चालेल ते निवडता येते.

सोबतची शिदोरी

कितीही नोंदी केल्या तरी एका जेवणाइतके खाणे स्वतःजवळ असावे. दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे पदार्थ सुरक्षा तपासणीत सहसा अडत नाहीत. पातळ तूप, दही, तेलाचे लोणचे हे द्रवपदार्थांत मोडते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलिलिटरपेक्षा मोठा डबा हातसामानातून नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वलनशील मानल्या जातात, म्हणून त्या सामानात घालूच नयेत. घरचा डबा विमानात गरम करून देण्यास कर्मचारी सहसा नकार देतात, तेव्हा गारही चांगले लागेल असेच न्यावे.

उरलेले खाणे उतरण्यापूर्वी संपवावे किंवा विमानातच टाकावे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून मांस व दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, आणि पेढे-बर्फीही त्यातच येतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ताज्या फळांबाबत फार काटेकोर आहेत. विमानात मिळालेले सफरचंद पिशवीत राहिले तरी ते सोबत आणलेले फळच मानले जाते, आणि न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या खाद्यपदार्थासाठी जागेवर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. बॅगेत काहीही खाण्याचे असेल तर घोषणापत्रावर तसे लिहावे; लिहिलेले असले की पदार्थ काढून घेतला जातो, पण सहसा दंड होत नाही.